सदरसाहेब, आज जेवलात का?

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला होती. कोरोनाचे निर्बंध असल्यामुळे नमाज घरीच झाली होती आणि पाऊस सकाळपासून थांबला नव्हता. रात्री तो वाढतच गेला आणि २२ तारखेला पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना त्याचे वर्णन नको आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून तो कळणार नाही. कुर्बानीचे गोश्त ठेवलेला फ्रीज घरातल्या घरात तरंगत होता, एवढे सांगितले तरी पुरे.

माझे थोरले मामू तेव्हा तिथल्या एका मोहल्ल्याच्या जमातीचे सदर होते. वय बासष्ट, मधुमेह होऊन अकरा वर्षे झालेली. पाणी ओसरले तसे ते चिखलात उतरले आणि पुढचे तीन आठवडे घरी फक्त अंग टेकायला येत राहिले. मशिदीतला गाळ उपसायचा, बाहेरून आलेले रेशनचे टेम्पो उतरवून घ्यायचे, कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही त्याची यादी करायची, पंचनाम्यासाठी तलाठ्यांबरोबर गल्लोगल्ली फिरायचे. जेवणाच्या डेगा चढत होत्या, त्या हिंदू-मुसलमान न बघता वाटल्या जात होत्या, आणि वाटणाऱ्यांत सर्वांत शेवटी जेवणारा माणूस म्हणजे सदरसाहेब.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांच्या पायाला काहीतरी लागले. पत्रा असेल, काच असेल. त्यांना कळलेच नाही. जुन्या मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. चामडी फाटली तरी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही. मामींना मोज्यावर डाग दिसला तेव्हा आठवडा उलटला होता. "काय नाय, होईल बरा," असे म्हणून मामू पुन्हा टेम्पोकडे गेले. गोळ्यांची पिशवी पुरात वाहून गेली होती. नवी आणायला त्यांना पंधरा दिवस सवड मिळाली नाही. दुसऱ्यांच्या औषधांची यादी मात्र त्यांच्याच खिशात होती.

शेवटी ताप भरला, पाय काळा-निळा पडला आणि ऑपरेशन करून उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली.

दवाखान्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, सदर असावा तर असा, स्वतःकडे पाहिले नाही. मीही तेच म्हटले. मामी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. लोक गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "बोटे गेली, अल्लाहची मर्जी. पण वीस दिवसांत यांच्यापैकी एकाने तरी विचारले का, सदरसाहेब, जेवलात का, गोळी घेतलीत का? तू तरी विचारलेस?"

मी विचारले नव्हते. पुण्याहून मी त्यांना रोज फोन करत होते, कधी दोनदा. आमच्या शाळेतल्या शिक्षकांनी जमवलेले पैसे कोणाला द्यायचे, यादी पाठवा, फोटो पाठवा, पावती पाठवा. मामूंची तब्येत कशी आहे हा प्रश्न त्या वीस दिवसांत माझ्या मनात आला नाही, आणि हे लिहिताना आजही मला चांगले वाटत नाही.

मामींचा तो प्रश्न घेऊनच मी हा लेख लिहायला बसले आहे. पुढारपण करणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी, असे आपण म्हणतो तेव्हा ते सगळे त्याच्यावरच ढकलून मोकळे होतो. जणू तो बेफिकीर आहे म्हणून आजारी पडतो. पण जो माणूस दुसऱ्याला नाही म्हणू शकत नाही, म्हणूनच ज्याला आपण सदर केले, त्याने आपल्यालाच नाही कसे म्हणावे? त्याला संकोच वाटतो. आणि या संकोचाबद्दल कुरआनने जे सांगितले आहे ते आपण वाचतो, पण त्याचा आपल्या कमिटीशी, आपल्या मुख्याध्यापिकेशी काही संबंध आहे असे आपल्या डोक्यात येत नाही.

सूरह अहजाबमधला प्रसंग आठवा. हजरत जैनब (रजि.) यांच्याशी निकाह झाल्यानंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी वलीमा दिला. लोक जेवले आणि बरेचसे उठून गेले. पण काहीजण गप्पा मारत तिथेच बसून राहिले. प्रेषित (स.) उठून बाहेर गेले, इतर घरांतून जाऊन परत आले, तरी ती मंडळी तशीच बसलेली. त्यांना उठा म्हणायला प्रेषितांना (स.) संकोच वाटत होता. तेव्हा आयत उतरली. बोलावल्याशिवाय जाऊ नका, जेवण झाले की आपापल्या वाटेने जा, बोलत बसू नका. तुमच्या बसण्याचा त्यांना त्रास होतो पण ते लाजतात, अशा आशयाची ती आयत आहे. जे सांगायला त्यांना जड जात होते, ते अल्लाहने लोकांना सांगितले.

सूरह हुजुरातमध्ये दुसरा प्रसंग आहे. बनू तमीम कबिल्याचे शिष्टमंडळ मदीनेत आले आणि प्रेषित (स.) घरात असताना हुजऱ्यांच्या बाहेरून त्यांना नावाने हाका मारू लागले. हा उतावळेपणा समंजसपणाचा नाही, ते स्वतः बाहेर येईपर्यंत थांबणे तुमच्यासाठी अधिक चांगले होते, अशी समज तिथे दिली आहे. आणि सूरह मुजादलामध्ये तर खाजगी सल्ल्यासाठी येणाऱ्यांनी आधी काही सदका द्यावा, असा हुकूम आला. ज्यांच्याकडे देण्यासारखे नाही त्यांना त्यातून सूट होती, आणि लगेच पुढच्याच आयतीत सर्वांसाठीच तो सैल केला गेला. भाष्यकार सांगतात की लोक लहानसहान गोष्टींसाठी एकांतात बोलायची वेळ मागू लागले होते आणि त्यामुळे फार ओझे पडत होते. हुकूम थोडाच काळ राहिला, पण लोकांना जे समजायचे ते समजले.

हे तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. समज लोकांना दिली आहे. जगातल्या सर्वांत सहनशील नेत्याचाही वेळ, घर आणि एकांत यांना कुंपण लागते, आणि ते कुंपण सांभाळणे लोकांचे काम आहे. माझ्या वाचनात आलेल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून मला नेत्याने काय करावे ते भरपूर मिळाले. नेत्याभोवतीच्या माणसांनी काय करू नये हे फारसे कुठे दिसले नाही.

आता एक आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. प्रेषित (स.) खंदकाच्या वेळी उपाशीपोटी खोदत होते, त्यांच्या साथीदारांनी रात्री जागून काढल्या, मग आम्ही झोपेचा हिशोब काय मांडायचा? बरोबर आहे. संकटाच्या वेळी नेत्याने सर्वांत पुढे असायला हवे. पूर आला त्या पहिल्या तीन दिवसांत मामू झोपले असते तर मामींनीच त्यांना उठवून पाठवले असते. माझा प्रश्न विसाव्या दिवसाचा आहे. विसाव्या दिवशी टेम्पो उतरवायला मोहल्ल्यात तीस जवान मुले होती. तोवर पूर संपला होता. मामूंच्या अंगात आणि आमच्या सर्वांच्या डोक्यात मात्र ती सवय भिनली होती की सगळे काही सदरसाहेबांनीच करायचे.

हजरत सलमान फारसी (रजि.) आपले भाऊ मानलेले हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले तेव्हाची हदीस बुखारीत आहे. घरात शिरताच त्यांना उम्मे दरदा अगदी साध्या, आपल्याकडे लक्ष न दिलेल्या अवस्थेत दिसल्या. विचारल्यावर त्या म्हणाल्या की तुमच्या भावाला या दुनियेत काही रस उरलेला नाही. जेवायला वाढल्यावर अबू दरदा (रजि.) म्हणाले, माझा रोजा आहे. सलमान (रजि.) अडून बसले, तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही. रात्री ते नमाजला उठू लागले तर सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपवले, पुन्हा उठले तर पुन्हा झोपवले, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी स्वतः उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावले की रब्बचा तुमच्यावर हक्क आहे, तसा तुमच्या जीवाचा आहे, घरच्यांचाही आहे. ज्याचा त्याला द्या. ही गोष्ट प्रेषितांपर्यंत (स.) गेली तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला.

या हदीसवर आपण जुम्माच्या बयानात पुष्कळ ऐकतो. मला तिच्यात दोन गोष्टी नेहमी दिसतात. पहिली, नवऱ्याच्या थकण्याची खूण बायकोच्या चेहऱ्यावर आधी दिसली. दुसरी, सलमान (रजि.) यांनी उपदेश शेवटी केला. आधी ते जेवायला बसले, रात्री मुक्कामाला राहिले, आणि सोबत उठले.

पोटापाण्याचेही तसेच आहे. हजरत अबू बकर (रजि.) खलीफा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे खांद्यावर कापड टाकून बाजारात निघाले. वाटेत हजरत उमर (रजि.) भेटले, त्यांनी विचारले, हे काय? उत्तर मिळाले, मुलाबाळांना खाऊ काय घालू? मग बैतुलमालचे काम पाहणारे हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्याशी बोलून त्यांच्यासाठी घरखर्चापुरते मानधन ठरवण्यात आले. खलिफांनी ते मागितले नव्हते. बाजूच्या माणसांनी पाहिले आणि सोय लावली. आपल्याकडे मदरशाचा मोहतमीम किंवा मशिदीचा इमाम तुटपुंज्या पगारावर चोवीस तास उपलब्ध असावा अशी अपेक्षा असते, आणि त्याने शिकवणी धरली तर कुजबुज होते. यावर अधिक लिहीत नाही, प्रत्येक जमातीने आपापले रजिस्टर उघडून पाहावे.

हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांच्याबद्दल दोन आठवणी सांगितल्या जातात आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत, म्हणून मला त्या आवडतात. त्यांची खिलाफत इ. स. ७१७ ते ७२०, जेमतेम अडीच वर्षांची. पहिल्याच दिवशी, आधीच्या खलिफांचे दफन उरकून ते दुपारी जरा आडवे होऊ लागले तेव्हा त्यांचा मुलगा अब्दुल मलिक म्हणाला, लोकांचे हडपलेले हक्क परत न देता झोपता? ते म्हणाले, जुहरनंतर देतो. मुलगा म्हणाला, जुहरपर्यंत जगाल याची खात्री कोणी दिली? ते उठले आणि कामाला लागले. दुसरी आठवण अशी की पुढे कधी मुलाने पुन्हा असेच टोकले तेव्हा त्यांनी त्याला समजावले, माझा जीव हे माझे वाहन आहे, त्याला दमवून मारले तर ते मला मुक्कामाला पोहोचवणार नाही. पहिल्या दिवशी उठणे आणि नंतरच्या दिवशी आडवे होणे, दोन्ही त्याच माणसाने केले. कोणता दिवस कोणता हे ओळखणे, हेच तर पुढारपणातले अवघड काम.

आज सदर, मुतवल्ली किंवा शाळेच्या संस्थाचालकाचा दिवस कसा असतो? फजरला पाण्याची मोटर बिघडल्याचा फोन. मग मय्यत, मग कोणाच्या घरचे भांडण, मग पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक, हिशेबाचा ऑडिट. २०२५ च्या जूनमध्ये वक्फ मालमत्तांच्या नोंदीसाठी उमीद पोर्टल सुरू झाले आणि सहा महिन्यांची मुदत दिली गेली, तेव्हा साठी-सत्तरीचे मुतवल्ली जुने सातबारे घेऊन सायबर कॅफेत रात्री बसलेले मी पाहिले आहेत. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा मोहल्ला ग्रुप. तिथे रात्री साडेबाराला कोणी प्रश्न टाकतो आणि पावणेएकला लिहितो, सदरांनी मेसेज पाहूनही उत्तर दिले नाही. हुजऱ्याबाहेरून हाका मारायला आता दारापर्यंत यावे लागत नाही, एवढाच फरक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची व्याख्या केली. सतत साचलेल्या आणि न हाताळलेल्या कामाच्या ताणातून येणारी ही अवस्था आहे, आजार म्हणून तिची नोंद नाही. तिच्या तीन खुणा दिल्या आहेत, कमालीचा थकवा, कामाबद्दल मन उडणे किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. यातली दुसरी खूण आपण ओळखत नाही. एकेकाळी सर्वांशी हसून बोलणारा सेक्रेटरी हल्ली लोकांवर खेकसतो, तेव्हा आपण म्हणतो, खुर्चीची हवा डोक्यात गेली. कदाचित गेलीही असेल. पण कदाचित तो सहा महिने नीट झोपलेला नसेल. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी असे डॉक्टर सांगतात. तहज्जुदला उठणाऱ्यांनी तर इशानंतर लवकर निजायला हवे, आणि आपल्या मीटिंगा नेमक्या इशानंतरच सुरू होतात. सूरह नूरमध्ये फजरआधी, दुपारी आणि इशानंतर अशा तीन वेळी घरातल्या लहान मुलांनीही परवानगीशिवाय खोलीत येऊ नये असे सांगितले आहे. मुलांना जी वेळ मना आहे, ती कमिटीने मीटिंगसाठी निवडावी हे गमतीचे आहे.

बायांचे ओझे वेगळे लिहायला हवे, कारण ते मोजलेच जात नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. आपल्या घरांतल्या बायका सरपंच, नगरसेविका झाल्या, बचत गट चालवतात, उर्दू शाळांच्या मुख्याध्यापिका आहेत, आशाताई म्हणून घरोघर फिरतात. त्यांच्या सभेची वेळ संपली की स्वयंपाकाची वेळ सुरू होते. पुरुष सदर थकून आला तर त्याला चहा मिळतो. बाई अध्यक्ष थकून आली तर तिला चहा करावा लागतो. आमच्या शाळेच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका सांगत की नोकरीत त्यांना फुरसत अशी फक्त रेल्वे फाटक बंद असताना मिळायची. त्या हसून सांगत. त्यांचा रक्तदाब मात्र निवृत्तीच्या निरोप समारंभात चक्कर आली तेव्हा प्रथम मोजला गेला.

दुसऱ्याच्या हाती काम द्यायचे म्हटले की एक ठरलेले उत्तर येते, दुसऱ्याला जमणार नाही. प्रेषित (स.) शेवटच्या आजारात मशिदीत येऊ शकले नाहीत तेव्हा त्यांनी नमाज पढवायला हजरत अबू बकर (रजि.) यांना सांगितले. त्या वेळीही हरकत आली, आणि ती अबू बकर यांच्या लेकीकडून, हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून. वडील कोमल मनाचे आहेत, तुमच्या जागी उभे राहिले तर रडू आवरणार नाही, असे त्या म्हणाल्या. प्रेषितांनी (स.) ते मानले नाही, पुन्हा तेच सांगितले. त्याआधीही मदीनेबाहेर जाताना त्यांनी अनेकदा हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांना आपल्या जागी ठेवले होते, आणि ते अंध होते. हजरत मूसा (अ.) यांनी तर फिरऔनकडे जाण्याआधीच आपल्या घरातून भाऊ हारून (अ.) सोबतीला मागून घेतला.

मामूंच्या जमातीने नंतर काय केले ते सांगते, कारण ते सहज करता येण्यासारखे आहे. मशिदीच्या नावाने वेगळा मोबाइल घेतला. तो पाळीपाळीने चार जणांकडे असतो. मय्यतची जबाबदारी दोन जवानांकडे दिली. हिशेब एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे गेला. मीटिंग असरनंतर होते आणि मगरिबच्या अजानला संपते. त्यामुळे ती लांबतच नाही, हा अनपेक्षित फायदा. रमजानच्या महिनाभर आधी मधुमेह-रक्तदाब असलेल्या कमिटीवाल्यांनी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलून घ्यायच्या, आणि ज्याला डॉक्टर मना करतील त्याने अल्लाहने आजाऱ्याला दिलेली सवलत घ्यायची, असे ठरले. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही हे बहुतेक उलमा सांगतात; तरी कितीतरी रोजेदार त्या भीतीने तपासणी टाळतात.

आणि घरचे? मामी रोज रात्री मामूंचे दोन्ही तळपाय बॅटरी लावून पाहतात. सुरुवातीला मामूंना याची फार लाज वाटायची. आता टीव्हीवर बातम्या बघता बघता पाय पुढे करतात. अनवाणी चालायचे नाही, अंगणातही नाही. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. भाजी चिरताना मामी मोठ्याने विचारतात, गोळी? आणि आतून उत्तर येते, झाली.

सदरपद त्यांनी पुढे एक मुदत सांभाळले, मग सोडले. लोकांनी बराच आग्रह केला. आता ते सल्लागार आहेत, म्हणजे लोक फोन करतातच. मागच्या महिन्यात शाळेतल्या एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या कागदांबद्दल विचारायला मीही केला. दुपारचे अडीच वाजले होते. फोन मामींनी उचलला.

"निजलेत," त्या म्हणाल्या. "असरनंतर कर."

मी म्हटले, "मामी, दोनच मिनिटांचे काम आहे."

त्यांनी फोन ठेवून दिला.